तीन घोट पाणी

कामिनी नेहेतेला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा यावल तालुक्यातल्या तिच्या गावात बसथांब्याजवळ बॅनर लागला. मधोमध तिचा पासपोर्ट साइजचा फोटो मोठा करून छापलेला, भोवती शुभेच्छुकांची बावीस डोकी. 'रेल्वेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' एवढंच लिहिलं होतं. पद कोणतं, ते कोणी लिहिलं नाही. छापणाऱ्याने विचारलंही नाही.

पद होतं ट्रॅक मेंटेनर. जुनी माणसं गँगमन म्हणायची. रूळ, स्लीपर आणि गिट्टी सांभाळायची.

कामिनी भौतिकशास्त्रात बी. एस्सी. झालेली. त्यानंतर दोन वर्षं जळगावच्या एका अभ्यासिकेत बसून तिने परीक्षा दिल्या. तलाठी दोन मार्कांनी गेली, पोलीस भरती उंचीने गेली. रेल्वेच्या लेखी परीक्षेत नाव आलं तेव्हा शारीरिक चाचणी उरली होती. वीस किलो वजन उचलून दोन मिनिटांत शंभर मीटर जायचं. तिचे वडील निंबा नेहेते यांनी खताच्या रिकाम्या गोणीत ओली वाळू भरून दिली आणि महिनाभर ती केळीच्या बागेच्या बांधाने ती गोणी खांद्यावर घेऊन पळाली. बाप घड्याळ लावून उभा राहायचा. चाचणीत ती सव्वा मिनिटात पोचली.

जानेवारीत ऑर्डर आली. भुसावळला प्रशिक्षण झालं आणि फेब्रुवारीत ती चाळीसगाव सेक्शनला रुजू झाली. गँगमध्ये चौदा जण, त्यात ती एकटी बाई. मुकादम होते धनसिंग नाना. एकोणसाठ वर्षांचे, कानात बारीक सोन्याच्या बाळ्या, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी तिला लोखंडी बीटर हातात दिलं आणि म्हणाले, "स्लीपरखाली गिट्टी ठोकायची. कमरेने ठोक, हाताने ठोकशील तर आठ दिवसांत घरी जाशील."

ती हातानेच ठोकत राहिली. आठवड्याने तळव्यांचे फोड फुटले तेव्हा कमरेने ठोकायला शिकली. घरी फोनवर आई विचारायची, "ऑफिस कसं आहे?" कामिनी म्हणायची, "मोकळं आहे, हवा खूप येते."

महिनाभर तिला चावीवाल्याबरोबर फिरवलं. चावीवाला म्हणजे रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा माणूस. सैल झालेली क्लिप हातोड्याने बसवायची, कुठे तडा गेलाय का पाहायचं, दोन लाल झेंड्या आणि गाडीला इशारा द्यायचे धोक्याचे फटाके जवळ ठेवायचे. कामिनीला हे काम आवडलं. सकाळच्या वेळी रुळावरून चालताना कोणी काही विचारत नाही. एप्रिलपासून चावीवाला रजेवर गेला की धनसिंग नाना तिला पाठवू लागले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला तो मंगळवार होता. सहाला ती निघाली. पाठीवर हत्यारांची पिशवी, खांद्याला पाण्याची बाटली. दीड लिटरची, जुन्या चादरीचं कापड शिवून त्यावर चढवलेलं आणि ते भिजवलेलं, म्हणजे दुपारपर्यंत पाणी गार राहतं. पावणेसातच्या सुमारास, एका पुलाच्या अलीकडे उतारावर तिला आधी एक चप्पल दिसली. मग दहा पावलांवर कापडी बॅग. त्यापुढे माणूस.

तिला वाटलं मेलेला आहे. प्रशिक्षणात सांगितलं होतं की असे मृतदेह दिसतात, कळवायचं आणि पोलीस येईपर्यंत थांबायचं. ती मनाची तयारी करत जवळ गेली आणि माणसाने डोळे उघडले.

पस्तिशीतला होता. दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपासून राहिले नव्हते. कामिनीने हे मला सांगितलं तेव्हा इथे ती थांबली, आणि पायांबद्दल पुढे काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, की चेहरा अगदी स्वच्छ होता. नुकताच केस विंचरून बसल्यासारखा.

तिने धनसिंग नानांना फोन लावला.

"नाना, एक माणूस पडलाय. गाडीतून पडला असेल."

"गेला?"

"नाही. बघतोय माझ्याकडे."

मग नाना म्हणाले, "किलोमीटर सांग." तिने खांबावरचा आकडा वाचला. "स्टेशनला सांगतो. मागून मालगाडी येतेय, ती तिथे थांबवतील. तिच्यातूनच न्यावं लागेल, तिथे रस्ता नाही. वीस-पंचवीस मिनिटं. तू झेंडी लाव आणि त्याच्याजवळ बस. मी निघालो."

तिने झेंडी रुळाच्या मधोमध रोवली. आपली ओढणी काढून मांड्यांवर घट्ट बांधायचा प्रयत्न केला, शिकवलं होतं तसं. ओढणी पुरली नाही. मग माणसाच्या बॅगेतला एक शर्ट काढून दुसरीकडे बांधला. हे सगळं करताना तो एक शब्द बोलला नाही. ती बाजूला बसली तेव्हा बोलला.

"पानी दे व माय."

बाटली तिच्या खांद्यालाच होती. तिने हात बाटलीला लावला आणि थांबली. भुसावळच्या वर्गात प्रथमोपचार शिकवायला आलेल्या डॉक्टरांनी फळ्यावर खडूने लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या: गंभीर जखमीला तोंडाने पाणी देऊ नये. परीक्षेत तो प्रश्नही आला होता. तिने बरोबर लिहिलं होतं.

"दादा, आता गाडी येतेय. दवाखान्यात देतील पाणी."

"थोडंसं."

"आत्ता नाही द्यायचं. तुमच्याच भल्यासाठी."

तो मागत राहिला. मोठ्याने नाही, भांडूनही नाही. थोड्या थोड्या वेळाने म्हणायचा, "पानी," आणि बाटलीकडे बघायचा. बाटलीच्या ओल्या कापडातून थेंब गिट्टीवर पडत होते. ते थेंब त्याला दिसत होते. कामिनीने बाटली खांद्यावरून काढली आणि आपल्या मागे ठेवली. तरी त्याची नजर तिच्या बाजूने मागे जात होती. मग ती उठली, बाटली उताराखालच्या बाभळीच्या झुडपाआड ठेवून आली. परत येऊन बसली तेव्हा तो तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. त्याला काही समजलंच नाही, की ही बाई असं का करते आहे.

नानांना फोन करून विचारता आलं असतं. फोन हातातच होता. तिने केला नाही.

सात वाजून बारा मिनिटांनी तो गेला. मालगाडीचं इंजिन वळणावर दिसलं ते सात एकोणीसला.

---

त्याचं नाव वना. पाचोरा तालुक्यातल्या एका आडगावचा, नाशिकला बांधकामांवर फरशी बसवायचं काम करायचा. चुलतभावाच्या लग्नाला गावी येत होता, दारात बसून. पहाटे डोळा लागला असावा. बॅगेत मुलीसाठी गुलाबी फ्रॉक होता. कामिनीने जो शर्ट बांधायला काढला, तो लग्नात घालायचा नवा शर्ट होता, टाचण्या तशाच होत्या.

चाळीसगावच्या सरकारी दवाखान्यात रेल्वे पोलिसांनी तिचा जबाब घेतला. कामिनीने सगळं सांगितलं, पाण्याचं सोडून. पोलिसांनी ते विचारलंच नाही. बाहेर आल्यावर व्हरांड्यात कंपाउंडर चहा पीत उभा होता. त्याला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "असे पाय गेलेल्या माणसाला पाणी दिलं तर काय होतं हो?"

"ऑपरेशनच्या वेळी अडचण येते," तो म्हणाला. "पण याचं काय ऑपरेशन करणार होते? याचं आधीच संपलेलं होतं. याला पाणी काय, काहीही दिलं असतं."

धनसिंग नाना झाडाखाली बसले होते. कामिनी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांना तेवढं एक, पाण्याचं, सांगितलं. नाना बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"एकतीस वर्षांत मला असे अकरा जिवंत सापडले," ते म्हणाले. "अकराही जणांना मी पाणी पाजलं. अकराही गेले."

"म्हणजे मी द्यायला हवं होतं?"

"तुला शिकवलं ते बरोबरच असेल. मला कोणी शिकवलं नव्हतं." ते उठले आणि पँट झटकली. "नको बोलू कोणाजवळ."

दुपारी दोनच्या सुमाराला वनाच्या घरची माणसं आली. जीपमधून आधी त्याची आई उतरली, धुरपदाबाई. साठीच्या पुढची, उंच, वाळलेली बाई. मागून त्याची बायको कुंदा, तिच्या कडेवर चार वर्षांची मुलगी. मुलगी नव्या माणसांकडे बघून हसत होती. कोणीतरी पोलिसांना विचारलं असावं, कारण धुरपदाबाई शवागाराकडे न जाता सरळ कामिनीकडे आली आणि तिने कामिनीची दोन्ही मनगटं धरली.

"तू व्हती त्यानाजोडे?"

"हो."

"जिवंत व्हता?"

"हो. थोडा वेळ."

"पानी मांगं व्हई त्यानी." ती कामिनीच्या तोंडाकडे बघत होती. "तू पाजं ना व माय?"

मनगटांवरची पकड इतकी घट्ट होती की बोटांना मुंग्या आल्या.

"हो," कामिनी म्हणाली. "पाजलं."

धुरपदाबाईने हात सोडले. तिच्या तोंडून सुटलेला श्वास कामिनीला गालावर लागला. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. तोवर ती रडली नव्हती.

---

सुतक फिटण्याच्या दिवशी, गंधमुक्तीला, धुरपदाबाईने निरोप पाठवला. निरोप गँगमधल्या एकाच्या मेहुण्यामार्फत आला: त्या पोरीला घेऊन या, ती जेवल्याशिवाय पंगत बसायची नाही. कामिनीला जायचं नव्हतं. नाना म्हणाले, "जाऊन ये. मेलेल्याच्या घरचं बोलावणं मोडू नये." मग तिने सुट्टी टाकली आणि बसने गेली.

मांडवात साठ-सत्तर माणसं होती. धुरपदाबाई तिला हात धरून बायकांमध्ये घेऊन गेली. "हाई पोर शे," ती सगळ्यांना सांगत होती. "हिनीच मना वनाले पानी पाजं. सगी बहीण करनार नही." म्हाताऱ्या बायका कामिनीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. एकीने तिच्या हातांकडे बघून म्हटलं, "केवढे घट्टे पडले गं पोरीच्या हाताला," आणि तिच्या तळव्याला आपलं कपाळ लावलं.

कामिनीने सांगायचं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यही तयार केलं होतं. ते वाक्य त्या मांडवात कुठे ठेवायचं, हे तिला कळेना.

जेवणं झाल्यावर धुरपदाबाईने तिला आत बसवलं. दाराशी कुंदा मुलीला थोपटत बसली होती.

"कितलं पिना?" धुरपदाबाईने विचारलं.

"तीन घोट."

"घटाघट?"

"नाही. हळूहळू."

"तो ल्हाना व्हता तैपासून असाच. हळूहळू पेये." धुरपदाबाई थोडी हसली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मनं नाव लिधं का त्यानी?"

ती ज्या डोळ्यांनी बघत होती, त्यांच्यासमोर 'नाही' म्हणता येणं शक्य नव्हतं. "हो," कामिनी म्हणाली. पण एवढ्याने भागेना. म्हातारी वाट बघत होती. "म्हणाले, माझ्या मायला सांभाळा."

हे शब्द कुठून आले, हे कामिनीला आजही सांगता येत नाही. कुठेतरी ऐकलेले असतील. मरणारी माणसं असंच काही म्हणतात, असं वाटतं आपल्याला. धुरपदाबाई भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटून बसली. दाराशी कुंदाचा थोपटणारा हात थांबला होता. ती कामिनीकडे बघत होती.

त्यानंतर धुरपदाबाईचा दर आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा. शेजारच्या कोणाकडून तरी लावून घ्यायची. जेवलीस का, उन्हात फडकं बांध, लग्नाचं काही पाहतात का घरी. एकदा गावातल्या माणसाबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी पाठवली. कामिनीने ते गँगमध्ये वाटलं. स्वतः खाल्लं नाही.

ती वरचेवर त्याच किलोमीटरच्या खांबावरून जायची. झोप लागत होती, जेवणही जात होतं. फक्त तिचं बोलणं कमी झालं. आईने फोनवर विचारलं, "कोणाशी भांडण झालं का ऑफिसात?" कामिनी म्हणाली, "नाही. काम नवीन आहे, म्हणून."

---

जुलैत एके दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत गँग लिंबाखाली बसली होती. शेताच्या वाटेने कुंदा आली. एकटी, चिखलाने भरलेल्या चपला हातात. कामिनी उठून पुढे गेली. दोघी थोड्या अंतरावर पडलेल्या जुन्या सिमेंटच्या स्लीपरवर बसल्या.

कुंदा धुळ्याची. बारावी झालेली. ती थेट विषयावर आली.

"ताई, मला धुळ्याला काम मिळतंय. मुलींचं वसतिगृह आहे, तिथे स्वयंपाकघरात. राहायला खोली देतात, मुलीला तिथल्या शाळेत घालता येईल. माझ्या भावाने बोलून ठेवलंय. आजवर मी कधी बाहेर काम केलं नाही, हे पहिलंच. पंधरा तारखेपर्यंत हजर व्हायचंय."

"मग जा ना."

"जाऊ देत नाहीत." कुंदा पायाच्या बोटांतला चिखल काढत होती. "सासूबाई तशा वाईट नाहीत. पण चुलतसासरे, भाऊबंद, सगळे बसले. म्हणाले, वनाने मरताना सांगितलंय, माझ्या मायला सांभाळा. मरणाऱ्याचा शब्द आहे. तू गेलीस तर म्हातारीला कोण? आणि सासूबाई काही बोलत नाहीत. नुसत्या बसतात. म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं आहे."

लांबून गाडीचा आवाज आला. गँगमधल्या कोणीतरी शिटी वाजवली. गाडी धडधडत निघून गेली.

"मला एवढंच विचारायचंय," कुंदा म्हणाली. "ते खरंच असं म्हणाले? कारण नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर होते. ते आईला 'माय' नाही म्हणायचे. 'बाई' म्हणायचे. आमच्याकडे सगळे बाईच म्हणतात."

कामिनीने कुंदाला सगळं सांगितलं. शब्द खोटे. तीन घोट खोटे. बाटली भरलेली होती, आणि तिने ती झुडपाआड ठेवली.

कुंदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझं नाव, पोरीचं नाव?"

"कोणाचंच नाही. फक्त पाणी."

कुंदाने मान हलवली, दोनदा. जणू हिशोब जुळला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला त्यांनी काही निरोप ठेवला नाही याचंच इतके दिवस वाटत होतं," ती म्हणाली. "आईला ठेवला, मला नाही." ती उठली. चपला झटकल्या. "हे तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, जायचंय म्हणून खोटं बोलते."

कामिनी रविवारी गेली. आधी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "म्हातारी एवढ्याच्या जोरावर उभी आहे पोरी." कामिनी म्हणाली, "आणि तिची सून?" नानांनी सुट्टीच्या अर्जावर सही केली.

धुरपदाबाईने तिला बघून चुलीवर चहा ठेवला. कुंदा खांबाला टेकून उभी होती. कामिनी खाली बसली नाही. बसली असती तर बोलली नसती.

"बाई, मी खोटं बोलले. वनाभाऊंनी तुम्हाला सांभाळा असं म्हटलं नव्हतं. आणि पाणी मी पाजलं नाही. त्यांनी मागितलं होतं. मी दिलं नाही. आम्हाला शिकवलंय, जखमी माणसाला देऊ नये म्हणून."

चहा उतू गेला. कुणी उतरवला नाही. धुरपदाबाई कामिनीकडे वळली.

"बाटली व्हती तुनाजोडे?"

"होती."

"भरेल?"

"भरलेली होती."

"कितलायदा मांगं त्यानी?"

कामिनीने मोजलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण तिने मोजलं होतं. "चौदा वेळा," ती म्हणाली.

धुरपदाबाईने फडक्याने पातेलं उतरवलं. चूल पुसली. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही, कसलाच आला नाही. पाऊण तास कामिनी तिथे उभी होती. शेवटी कुंदा म्हणाली, "ताई, आता जा तुम्ही."

कुंदा चौदा तारखेला मुलीला घेऊन धुळ्याला गेली. निघताना सासूच्या पाया पडली, तर सासूने नातीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. भाऊबंदांनीही अडवलं नाही. अडवायला कारण उरलं नव्हतं; वनाने तसं काही म्हटलं नव्हतं, एवढंच म्हातारीने त्यांना सांगितलं होतं, पाण्याचं नाही. फोन बंद झाले. भाकरी बंद झाल्या. कामिनीने दोनदा शेजाऱ्याच्या नंबरवर फोन लावला. "घरात नाही," असं दोन्ही वेळा सांगितलं गेलं, आणि दोन्ही वेळा मागे म्हातारीचा खोकला ऐकू आला.

---

वर्ष गेलं. कामिनी आता गँगमधली जुनी झाली. हात दगडासारखे झाले. बढतीच्या विभागीय परीक्षेचा फॉर्म तिने भरला आणि परीक्षेच्या दिवशी गेली नाही. त्या वर्षात रुळावर आणखी दोन मृतदेह सापडले. दोन्ही वेळा ती लांबून दिसल्याबरोबर पळत गेली, आणि दोन्ही वेळा माणूस कधीच गेलेला होता. नाना निवृत्त झाले. जाताना त्यांनी तिला आपला हातोडा दिला, दांडा नवा घालून.

मे महिन्यात कुंदाचा फोन आला. वसतिगृहात तिचं बरं चाललं होतं. दीडशे मुलींच्या पोळ्या, कंबर मोडते म्हणाली, पण मुलगी शाळेत जाते. मग म्हणाली, "वर्षश्राद्धाला गावी जाऊन आले."

"कशा आहेत बाई?"

"खंगल्यात. एकट्याच असतात. ताई, एक सांगायचं होतं. पंगतीत सगळ्यांसमोर त्या सांगत होत्या. रेल्वेतल्या एका पोरीने मना वनाले पानी पाजं. तीन घोट. हळूहळू पिना म्हणून."

कामिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यांना माहीत आहे ना," कुंदा म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकलंय त्यांनी, मी तिथेच होते. मी काही म्हणाले नाही. सगळ्यांनी ऐकलं, हात जोडले, जेवले."

"मग त्या असं का सांगतात?"

"मला काय माहीत?" कुंदा म्हणाली. मागून भांड्यांचा आवाज येत होता. "विचारायची हिंमत झाली नाही."

पुढच्या रविवारी कामिनी धुरपदाबाईच्या गावी गेली. कशाला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. चारचं ऊन होतं. धुरपदाबाई ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कामिनी अंगणात उभी राहिली. म्हातारीने वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

शेजारच्या ओट्यावरून एक बाई ओरडली, "धुरपदाबाई, हाई तीच पोर का? पानी पाजनारी?"

धुरपदाबाईने खडा वेचला, बाजूला टाकला.

"तीच शे," ती म्हणाली.

कामिनी वाट बघत उभी राहिली. तूर निवडून झाली. म्हातारीने सूप झटकलं, तूर डब्यात ओतली, झाकण बसेना म्हणून दोनदा ठोकलं. ती एवढा वेळ वर बघत नव्हती. मग डबा कडेवर घेऊन उठता उठता, कामिनीकडे न बघता म्हणाली, "उनमा उभी नको ऱ्हाऊ. डोकं दुखी."

आणि आत गेली. दार उघडंच होतं. कामिनीला त्या दारातून आत जाता आलं नाही. तिने ओट्याच्या पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि शेवटची बस सहाला असल्यामुळे फाट्याकडे चालायला लागली. सोमवारी तिला सहाला हजर व्हायचं होतं.